दक्षिण आफ्रिकेचा जुना राष्ट्रध्वज

दक्षिण आफ्रिकेत १९२८ ते १९९४ या काळात प्रचलित असलेला राष्ट्रध्वज. त्याच्या नारिंगी, पांढऱ्या व निळ्या आडव्या पट्ट्यांच्या मध्यभागी ब्रिटनचा आणि ऑरेंज फ्री स्टेट व ट्रान्सव्हाल या बोअर प्रजासत्ताकांचा असे तीन छोटे ध्वज होते. ही प्रजासत्ताके दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) पराभूत झाली. ब्रिटिशांनी पकडलेले अनेक बोअर सैनिक त्या वेळी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे युद्धकैदी म्हणून ठेवण्यात आले होते. जेते व जित अशा दोन गोऱ्या समाजांतील तडजोडीतून १९२७ च्या कायद्याने हा ध्वज ठरला. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना व तेथील भारतीयांना तीत स्थान नव्हते. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर येऊन वर्णभेद हे शासकीय धोरण बनले आणि एकेकाळच्या पराभूतांची चिन्हे मिरविणारा ध्वज दडपशाहीचे प्रतीक ठरला. २७ एप्रिल १९९४ रोजी नवा ध्वज आला. जुन्या ध्वजाचे निष्कारण प्रदर्शन हे द्वेषमूलक वक्तव्य होय, असा निर्णय समानता न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. आफ्रिफोरम या संघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे त्यास आव्हान दिले. तथापि सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सार्वजनिक प्रदर्शनापुरता तो कायम केला. कला, पत्रकारिता व अभ्यास यांसाठी ध्वजाचा वापर निषिद्ध नाही.