अर्थ न कळता म्हटलेले शब्द



आमच्या गोवंडीत पहाट कानांना आधी कळते. अंधार असतानाच अजान होते, मग देवळातली स्तोत्रे लागतात आणि जरा उजाडले की बुद्धविहारातली वंदना ऐकू येते. अरबी, संस्कृत आणि पाली. म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या भाषा येत असतील. मी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला आणि प्रत्येक वर्गाला एकच बजावले, "न कळता पाठ केले ती पोपटपंची." आज हे सगळे लिहितोय ते त्या वाक्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. शेवटचे वर्षभर हिची स्मरणशक्ती राहिली नव्हती. मुलांची नावे आठवेनात. मला तर ती शाळेतल्या पाहुण्यासारखे "सर, बसा ना" म्हणायची. पण संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा सुरू, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. अर्थ तिला पूर्वीही सगळा येत नव्हता. मीच त्यावरून तिला चिडवत असे.

ती गेल्यावर आमच्या शाळेतल्या एक पारशी बाई भेटायला आल्या. त्यांचे यजमान आधीच गेलेले. मी सहज त्यांना रामरक्षेचे सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, आमची अवेस्ता मला पण नाय समजत. पण चौथ्या दिवशी पहाटे दस्तूरजी म्हणत होते ना, तेव्हा मला वाटला, हे आता एकटे नाय." बाई गेल्या, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग वाचायला घेतले.

पारशी समजुतीप्रमाणे मृताचा आत्मा तीन रात्री इथेच असतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलाशी पोहोचतो. त्या तीन रात्री त्याला सांभाळणारा म्हणजे स्रओष, ज्याला पारशी मंडळी सरोश म्हणतात. या नावातला धातू म्हणजे आपला 'श्रु', ऐकणे. आत्म्याच्या रखवालदाराचे नावच ऐकण्यावरून आलेले!

अवेस्ता आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी. यज्ञ तिकडे यस्न, सोम तिकडे हओम, होता तिकडे झओतर आणि मंत्र तिकडे मांथ्र. गाथा मात्र तिकडेही गाथाच. तुकोबांमुळे हा शब्द आपल्या घरातला झाला आहे. यस्नाचे 72 अध्याय आहेत, आणि त्यांतली 17 सूक्ते म्हणजे झरथुष्ट्राच्या गाथा. त्यांची भाषा बाकीच्या अवेस्तेपेक्षा जुनी, वेदांच्या जवळची आहे, हे ठामपणे मांडले मार्टिन हाउग यांनी. हे जर्मन पंडित पुण्याला संस्कृत शिकवत, आणि त्यांचे निबंध 1862 साली मुंबईत छापले गेले.

पारशी मूल नवजोतीच्या आधी जे पाठ करते त्यात 'अहुनवर' ही प्रार्थना असते. शब्द फक्त 21. अवेस्तेचे मूळ 21 ग्रंथ होते आणि एकेक शब्द एकेका ग्रंथाचा, अशी परंपरा आहे. अहुर मज्दाने अहुनवर उच्चारला तेव्हा दुष्ट शक्ती तीन हजार वर्षे मूर्च्छित पडली, अशी कथा आहे. एका यश्तात तर दुष्टात्माच तक्रार करतो की झरथुष्ट्र हा मंत्र घराएवढ्या दगडासारखा मारतो. म्हणजे शब्दाचा अर्थ राहू द्या, शब्द हीच वस्तू.

आता दुसरीकडे वळू. 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ खत खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीचा रांजण सापडला. त्यात कॉप्टिक भाषेतली 13 हस्तलिखिते होती, चौथ्या शतकातली. बरीचशी नॉस्टिक पंथांची. ग्रीक 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. धातू पुन्हा आपलाच, 'ज्ञा'. त्यातल्या एका ग्रंथात ग्रीकचे सात स्वर, प्रत्येक 22 वेळा, सलग लिहिले आहेत. शब्द नाही, वाक्य नाही, नुसते स्वर. देवाचे खरे नाव शब्दात मावत नाही म्हणून. मृत्यूनंतर वाटेत आडवे येणाऱ्या अधिपतींना ओलांडायला काय बोलायचे, हेही या पंथांच्या काही ग्रंथांत सांगितलेले आहे.

साम्य दिसले की नाते जोडायचा मोह होतो. 1921 साली राइट्झनस्टाइन या जर्मन पंडिताने नॉस्टिक मुक्तिकल्पनेचे मूळ इराणातच आहे असे मांडले होते. पुढच्या संशोधकांना ते पटले नाही. नॉस्टिकांचे मूळ मुख्यतः यहुदी-ख्रिस्ती आणि प्लेटोच्या विचारांत शोधले जाते. झरथुष्ट्राचे नाव त्यांच्या ग्रंथांत येते खरे, पण ग्रीकांमध्ये ते नाव ज्ञानी पुरुषाचे म्हणून गाजलेलेच होते. दोन्ही प्रवाह खरोखर मिळाले ते मानीपाशी. जन्म इ.स. 216, बॅबिलोनिया. त्याच्या पंथाची पार्थियन आणि मध्य-इराणी स्तोत्रे 1902 ते 1914 या काळात जर्मन मोहिमांना मध्य आशियात तुर्फानला मिळाली. त्यांत नॉस्टिक कथेतला आद्य मानव ओहर्मज्द, म्हणजे अहुर मज्द, या नावाने येतो.

पण एक मोठा फरक आहे. नॉस्टिकांच्या लेखी हे जग कुणा अडाणी निर्मात्याची चूक. आत्मा इथे अडकलाय आणि मंत्र म्हणजे सुटकेची किल्ली. पारशांच्या लेखी पाणी, माती, अग्नी, गाय हे सारे अहुर मज्दाचे, चांगले. मंत्र म्हणायचा तो हे जग राखायला. एक जायला म्हणतो, दुसरा राहायला.

आपल्या मुंबईतही मंत्रातल्या ध्वनीवर भर देणारा एक पारशी पंथ निघाला, बेहरामशहा श्रॉफ (1858–1927) यांचा 'इल्म-ए-क्ष्नूम'. मंत्राचे सामर्थ्य त्याच्या स्पंदनात आहे, हे त्याचे मुख्य सूत्र. पुष्कळ पारशांना ते मान्य नाही. त्यांना त्यात थिऑसॉफीची छाया दिसते. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. मी नोंदवतो ते एवढेच की ग्नोसिस म्हणजे ज्ञान, इल्म म्हणजेही ज्ञान. दक्षिण इराकातले मंडाई हे आजही टिकून असलेले नॉस्टिक, आणि त्यांच्या नावातला 'मंडा' म्हणजेही ज्ञानच. 2003 नंतर त्यांतले बहुतेक लोक देश सोडून ऑस्ट्रेलिया, स्वीडनपर्यंत पांगले. तरी त्यांचे पुरोहित मृतासाठी स्तोत्रे म्हणतात, आत्मा वर चढावा म्हणून.

आता माझ्या वाक्याकडे येतो. गाथा कित्येक शतके लिहिल्याच गेल्या नव्हत्या. अवेस्तेची लिपी घडली सासानी काळात, तोवर ती भाषा बोलणारे कुणी उरले नव्हते. अर्थ पुसट झालेली सूक्ते पुरोहितांनी बापाकडून ऐकून जशीच्या तशी पाठ केली. "आधी समजून घ्या, मगच पाठ करा" म्हणणारा माझ्यासारखा मास्तर त्यांना भेटला असता, तर हाउगसाहेबांना वाचायला काही उरलेच नसते. उलट नाग हम्मादीचे ग्रंथ रांजणात नीट राहिले, पण म्हणणारे गेले. ते सात स्वर कोणत्या चालीत म्हणत, हे आज कुणीही सांगू शकत नाही.

म्हणून घोकंपट्टी चांगली असे मी म्हणणार नाही. समजून घेणारा हाउग नसता तर पाठांतरालाही आज एवढा अर्थ मिळाला नसता. पण पाठ करणारा पोपट नसतो, तो हमाल असतो. ओझे कुणाचे आहे हे माहीत नसतानाही ते उतरू न देणारा. ही तशीच होती. मी समजावून सांगितलेला एकही इतिहास तिच्याजवळ राहिला नाही, आईकडून ऐकलेली रामरक्षा राहिली.

हल्ली संध्याकाळी मीच म्हणतो. पुस्तक हातात धरून, कारण मला पाठ नाही.