थडग्यातला तोतया

तोतया म्हटलं की आपल्या मनात पानिपतच येतं. १७६१ साली सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे फौजही जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या काळी माणूस ओळखायचा तो चेहऱ्यावरून, नाहीतर चार जाणत्यांच्या साक्षीवरून. फोटो नाही की बोटांचे ठसे नाहीत.

अमेरिकेत विसाव्या शतकात असाच तोतयाचा वाद उभा राहिला, तेव्हा मात्र सैन्याचं दप्तर हाताशी होतं.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींचा खून झाला. संशयित ली हार्वे ओस्वाल्ड. दोनच दिवसांनी पोलिसांच्या देखत जॅक रूबीने त्याला गोळी घातली. खटला चाललाच नाही, आणि जिथे खटला चालत नाही तिथे कहाण्या चालतात. मायकेल एडोज नावाच्या इंग्लिश वकिलाने सत्तरच्या दशकात पुस्तक लिहून मांडलं, की १९५९ मध्ये रशियात गेलेला ओस्वाल्ड परत आलाच नाही. १९६२ मध्ये बायको-मुलीला घेऊन आला तो सोव्हिएत हेरखात्याने घडवलेला तोतया.

एडोज हवेत बोलत नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. ओस्वाल्ड मरीन दलात होता. १९५९ मध्ये दल सोडताना त्याची उंची ५ फूट ११ इंच लिहिली आहे. १९६३ च्या शवविच्छेदनात ती सुमारे ५ फूट ९ इंच. माणूस विशीत दोन इंच खुजा कसा झाला? शिवाय लहानपणी त्याच्या डाव्या कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. तिचा व्रण मरीनच्या कागदात आहे, शवविच्छेदनाच्या अहवालात नाही.

आता यावर माझं मास्तरकीतलं मत. शाळेच्या जनरल रजिस्टरवर ज्याने काम केलं आहे त्याला ठाऊक आहे, की गावोगावची कितीतरी मुलं १ जूनलाच जन्मलेली असतात! तारीख खोटी, पण मुलगा खरा. रकाना भरायचा असतो म्हणून भरला जातो. त्याच ओस्वाल्डची १९५६ मध्ये भरती होतानाची उंची ५ फूट ८ इंच नोंदली आहे, म्हणजे एकाच दलाच्या कागदांत तीन इंचांचा फरक. सतराव्या वर्षानंतर मुलगा वाढतो, हे खरं. पण उंची कधी नीट मोजलेली असते, कधी विचारून लिहिलेली असते. अशा रकान्यावर तोतया उभा करणं म्हणजे १ जूनवरून कुंडली मांडणं.

ठशांचं तसं नाही. १९५६ च्या भरतीचे आणि १९६३ च्या अटकेचे बोटांचे ठसे एकच निघाले होते. पण संशयी माणूस म्हणणार, कार्डच बदललं असेल. मग उरलं थडगं.

विधवा मरिना तयार झाली, कारण थडगं रिकामं तर नाही ना, अशी तिलाच शंका होती. थोरला भाऊ रॉबर्ट मात्र आडवा आला. मेलेल्या भावाला उकरून काढणं त्याला पटेना, तो कोर्टात गेला. अखेर त्याने माघार घेतली आणि ४ ऑक्टोबर १९८१ रोजी फोर्ट वर्थचं थडगं उघडलं. आत पाणी शिरून शवपेटी कुजली होती. डॅलसच्या बेलर रुग्णालयात डॉ. लिंडा नॉर्टन यांच्या पथकाने कवटी तपासली आणि मरीन दलात असताना काढलेल्या दातांच्या एक्स-रेंशी जबडा ताडून पाहिला. दात जुळले. डाव्या कानामागच्या हाडात ते जुनं भोकही सापडलं. कडा भरून गोल झालेल्या, म्हणजे जखम कैक वर्षांपूर्वीची. १९६३ च्या डॉक्टरांनी न नोंदवलेली खूण हाडाने जपली होती.

दातांच्या एक्स-रेची गंमत ही, की तो काढणाऱ्याला पुढे काय घडणार याची कल्पना नव्हती. कुठल्याशा तळावर एका साध्या सैनिकाचे दात बघून फाइल ठेवून दिली, एवढंच. मला तरी असा पुरावा उलटतपासणीत टिकणाऱ्या साक्षीदारापेक्षा भक्कम वाटतो. अर्थात एक्स-रेने थडग्यात कोण आहे एवढंच सांगितलं. ओस्वाल्डच्या पाठीशी कोणी होतं का, हे दातांना विचारता येत नाही.

एडोजने निकाल मान्य केला. कहाणीने नाही केला. १९६३ मध्ये दफनाची तयारी करणारा माणूसच पुढे म्हणू लागला, की या कवटीवर शवविच्छेदनाची करवत फिरल्याची खूण मला दिसली नाही, सबब मधल्या काळात कोणीतरी डोकं बदललं! करवतीची ती खूण १९८१ च्या तपासणीत नोंदलेली आहे.

रॉबर्टच्या मागचं शुक्लकाष्ठ तिथेही संपलं नाही. २०१० मध्ये ती कुजकी शवपेटी लिलावात ८७ हजार डॉलरवर विकली गेली. म्हातारा पुन्हा कोर्टात गेला. पेटीचे पैसे १९६३ मध्ये त्यानेच भरले होते. २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.