कापसाच्या गाठींवरची बाग

आमचं अच्छाड म्हणजे चेकनाका. ट्रकांच्या रांगा बघतच मोठा झालो. त्यामुळे माल थांबतो ती जागा म्हणजे धूळ, डिझेल आणि एखादी चहाची टपरी, हे डोक्यात पक्कं! नोकरीसाठी फोर्टात आलो आणि हॉर्निमन सर्कलची बाग बघितली.

पूर्वी इथे 'बॉम्बे ग्रीन' हे उघडं मैदान होतं. बंदर जवळ, म्हणून कापसाच्या गाठींचे ढीग इथेच लागायचे. १८४४ मध्ये कापूस कुलाब्याला हलला आणि मैदानाची रया गेली. तेव्हा पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी इथे गोल चौक करायची कल्पना मांडली. म्युनिसिपालिटीने जागा घेतली, कडेचे प्लॉट इमारतींसाठी विकले. मधलं वर्तुळ मात्र राखलं. १८७२ मध्ये बाग पूर्ण झाली. भोवती एकसारख्या कमानी, समोर टाउन हॉल. स्वातंत्र्यानंतर 'एल्फिन्स्टन सर्कल'ला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांचं नाव मिळालं.

मधलं वर्तुळही विकलं असतं तर पैसे जास्त आले असते की! पण मग आज दुपारी डबा घेऊन झाडाखाली बसायला जागा उरली नसती. पूर्व किनाऱ्यावरच्या पोर्टाच्या जमिनींचं काय करायचं, ही चर्चा बरीच वर्षं चालू आहे. त्यात मधलं वर्तुळ कोण राखणार?

असो. डबा संपला, निघतो.