मागे फिरणारं चाक

बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसतं, म्हणून ते मेलं तरी आपल्याला झोप लागते. १९९० च्या एप्रिलमध्ये जपानात निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रावर ‘फायर एम्ब्लेम’ हा खेळ आला आणि शोझो कागा यांनी ही सोय काढून घेतली. पट चौकोनांचाच, चाली आळीपाळीनंच. पण प्रत्येक मोहऱ्याला नाव, चेहरा, थोडाफार पूर्वेतिहास. आणि लढाईत पडलेला माणूस पुढच्या साऱ्या खेळात परत येत नाही.

खेळणाऱ्यांनी काय केलं? आवडता माणूस पडला की यंत्राचं बटण दाबून अख्खी लढाई पुन्हा सुरू! म्हणजे मरण कायमचं होतं, पण ते कुणी सोसायला तयार नव्हतं. मला यात गंमत वाटते, दोष वाटत नाही.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, ‘टॅक्टिक्स ओगर’ आला. क्वेस्ट ही लहानशी कंपनी, दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. त्या काळात युगोस्लाव्हिया फुटत होता, शेजारी शेजाऱ्याला मारत होता, आणि त्या बातम्यांची सावली या खेळावर स्पष्ट आहे. व्हॅलेरिया बेटांवर तीन जमाती सत्तेसाठी लढताहेत. तुम्ही डेनम, सर्वांत दुबळ्या वॉलिस्टर जमातीचा तरुण. शत्रूच्या ताब्यातल्या बालमामुसा गावात तुमचेच लोक मजुरी करत राहतात. त्यांना उठावाला तयार करा, असा हुकूम येतो. ते नाही म्हणतात. मग तुमचाच सरदार सांगतो, या सगळ्यांना मारा, आळ शत्रूवर टाका, जमात आपोआप पेटून उठेल.

इथे खेळ थांबतो आणि विचारतो: करता की नाही?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण फिलिपा फुट यांचं १९६७ मधलं ट्रॉलीचं उदाहरण घेतो. रुळावरच्या त्या पाच जणांना ना नाव असतं ना भूतकाळ. बालमामुसात मारायचे ते आपल्याच माणसांपैकी, आणि हुकूम देणारा आपला नेता. शिवाय मात्सुनोंनी हुकूम पाळण्याच्या वाटेला ‘लॉ’, म्हणजे कायदा, हे नाव दिलंय. नकाराच्या वाटेचं नाव ‘केऑस’. हा उपरोध शाळकरी मुलांच्या हाती दिलेल्या खेळात आहे, हे विसरू नका.

आता २०१० कडे येऊ. त्या वर्षी दोन्ही मालिका मऊ झाल्या. ‘फायर एम्ब्लेम’च्या नव्या खेळात, हवं असेल तर, पडलेला माणूस पुढच्या लढाईला परत उभा राहू लागला. ‘टॅक्टिक्स ओगर’च्या नव्या आवृत्तीत लढाईतल्या पन्नासेक चाली मागे नेणारी सोय आली. आणि एकदा शेवट गाठला की कथेच्या फाट्यावर परत जाऊन दुसरी वाट धरायचीही. जुने खेळाडू रागावले. म्हणाले, निर्णयाचं वजनच गेलं.

लढाईपुरतं मला त्यांचं पटतं. चाल मागे घेता येते म्हटल्यावर माणूस विचारच करत नाही. मी स्वतः त्या चाकाला हात लावत नाही. पण फाट्यावर परत जाण्याबद्दल माझं मत उलटं आहे. डेनमचा बालमित्र व्हाइस बघा. तुम्ही कत्तलीला हो म्हणालात, तर तो संतापून तुमची साथ सोडतो, न्यायाच्या गोष्टी बोलतो. तुम्ही नाही म्हणालात, तर तोच व्हाइस हुकूम उचलून धरतो आणि तुम्हाला फरारी व्हावं लागतं. एकच वाट चाललेल्याला व्हाइस एक तर सज्जन वाटतो, नाहीतर खलनायक. दोन्ही चाललेल्यालाच कळतं की त्याचं तत्त्व बरंचसं तुमच्या उत्तरावर ठरत होतं. तुम्ही जिथे उभे राहिलात, ती जागा सोडून उरलेली त्यानं घेतली.

इतिहासकाराला अशी सोय कधी मिळत नाही. फाट्यावरची एकच वाट त्याच्या हाती लागते आणि त्या एका वाटेवरून तो माणसांना शूर किंवा भ्याड ठरवतो. म्हणून चाक कशासाठी फिरवता, हा माझा खेळाडूंना प्रश्न आहे. आपली माणसं वाचवायला की व्हाइसला ओळखायला? कारण गाव वाचवायला फिरवत असाल तर उपयोग नाही. हो म्हणा, नाही म्हणा, बालमामुसा दोन्ही वाटांवर जळतं.