मधल्या गावाचा प्रवासी हिशोबात कुठं हरवतो?

पोस्ट जरा मोठी आहे. पण सुप्यातून, किंवा नगर-पुणे रस्त्यावरच्या कुठल्याही गावातून एसटीनं जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. सवडीनं वाचा.

एसटी पहिल्यांदा धावली १ जून १९४८ ला, आणि तीही आपल्याच रस्त्यावर, पुणे-नगर. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, तीस सीट. दरवर्षी १ जूनला त्या गाडीचा फोटो ग्रुपवर फिरतो आणि आपण अभिमानानं पुढं पाठवतो. फोटोखाली नावं मात्र दोनच असतात, पुणे आणि नगर. शिरूर, सुपा, केडगाव त्या ओळीत नसतात. रस्ता तर यांच्यातूनच जात होता.

एका फोटोखालच्या ओळीपुरतं हे असतं तर सोडून दिलं असतं. पण प्रवाशांच्या हिशोबातही असंच होतं. दोन्ही टोकांची गावं ठळक दिसतात आणि मधल्या गावाचा प्रवासी कागदावर पुसट होतो. थांबा द्यायचा की नाही, फेरी ठेवायची की बंद करायची, हे शेवटी त्या कागदावरच ठरतं. एसटीत त्याला भारमान म्हणतात. भारमान कमी दिसलं की फेरीवर गंडांतर येतं. म्हणून हा कागद कसा तयार होतो ते आधी समजून घेऊ.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. सुप्याहून नगर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे चार-पाच टप्पे. पूर्वी कंडक्टरच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे असायचे, टक्‌टक् करत पंच मारला जायचा आणि हिशोब वे-बिलावर उतरायचा. आता हातात मशीन आलं. छपाई बदलली, तरी हिशोबाचा पाया टप्पाच राहिला. तिकिटावर येतो तो टप्पा. माणूस खरंच कुठं चढला, कुठं उतरला, ते येईलच असं नाही.

‘हात दाखवा, एसटी थांबवा’ आठवत असेल. फाट्यावर हात केला, गाडी थांबली, माणूस चढला. तिकीट मागच्या टप्प्यापासून फाटलं. म्हणजे चढला फाट्यावर आणि नोंद झाली मागच्या गावाच्या नावावर. एमआयडीसीत कामाला येणारा पोरगा तिकीट सुप्याचं काढतो आणि उतरतो फाट्यावर. शाळेच्या पोरी अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर येतात, त्यांना रोज नवं तिकीट फाडायची गरज नसते. गाडीत त्या रोज उभ्या असतात, पण फक्त तिकिटं मोजणाऱ्याला दिसत नाहीत. यात कंडक्टरची लबाडी नाही की कुणाचं कारस्थान नाही. तिकीट ही पैशाची नोंद आहे. आपण तिच्याकडून जागेची नोंद मागतो, तिथं घोळ होतो.

हा घोळ काही आपल्याकडंच नाही आणि नवाही नाही. १८३७ साली आयर्लंडमध्ये रेल्वे कुठून न्यायची याचा विचार चालला होता. हेन्री हार्नेस नावाच्या लष्करी इंजिनिअरनं तेव्हा भाड्याच्या घोडागाड्यांतून जाणारे प्रवासी नकाशावर मांडले. जिथं प्रवासी जास्त तिथं रस्त्याची रेघ जाड, कमी तिथं बारीक. आकड्यांचं कोष्टक वाचून जे डोक्यात शिरत नाही ते एका नजरेत दिसू लागलं.

पुढं १८४५ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मिनार यांनी दिजाँ ते म्यूलूझ या भागातल्या रस्त्यांवरच्या प्रवाशांचा असाच नकाशा काढला. तिथंही वाद रेल्वे कुठून न्यायची हाच होता. मिनार यांचं म्हणणं आपल्या कामाचं आहे. ते सांगत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारेच प्रवासी धरू नका. मधल्या गावांतून चढणारे आणि मधेच उतरणारे फार मोठ्या संख्येनं असतात, त्यांना सोडून मार्ग आखला तर तोटा रेल्वेचाच. सुप्यात ‘विनाथांबा’ पाटीची गाडी धूळ उडवत जाताना बघणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आजचं बघू. २००४ मध्ये लोकांनीच मिळून बनवायचा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा सुरू झाला. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गुगल यांनी बसचं वेळापत्रक नकाशावर आणलं, आणि प्रत्येक थांब्याला अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत जगभर रुळली. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. साधा लॅपटॉप असला तरी थांब्यांची यादी त्यात टाकून नकाशावर ठिपके बघता येतात. ठिपके पडले की चुका स्वतःच हात वर करतात. मी या रस्त्याच्या थांब्यांवर हा खेळ बराच केलाय. काय काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात सोपी चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल. सुपा ढोबळमानानं १९ अंश उत्तर आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व. हे दोन आकडे उलटे लिहिले तर आपला स्टँड थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूला, नॉर्वेच्या बेअर आयलंड या बर्फाळ बेटाशी जाऊन बसतो! रकाना रिकामा राहून शून्य-शून्य धरला गेला, तर थांबा आफ्रिकेजवळच्या समुद्रात. यादीत वाचताना या चुका डोळ्याखालून निसटतात. नकाशावर लपायला जागाच नाही.

दुसरी चूक नावाची, आणि ही खास आपली. एक सुपा पारनेर तालुक्यातलं, आपलं. दुसरं सुपे बारामती तालुक्यातलं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते, आपलं नव्हे. (इतिहासाच्या पोस्ट टाकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा.) तिसरं सुपा कर्नाटकात, काळी नदीवरच्या धरणाचं. बोलताना आपण ‘सुप्याला चाललो’ म्हणतो, आणि बारामतीकडचेही ‘सुप्याला’च म्हणतात. माणसाला संदर्भावरून कळतं, मशीनला कळत नाही. नुसत्या नावावरून जागा शोधायला सांगितलं तर एका सुप्याचे प्रवासी दुसऱ्या सुप्याच्या खात्यात जातील. नकाशावर मात्र शिरूरहून नगरला जाणारी रेघ मधेच बारामतीकडं वळली की कुणालाही शंका येईल.

तिसरी चूक नाव बदलण्याची. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या नोंदीत एक नाव, नव्या नोंदीत दुसरं. दोन्ही याद्या नीट जोडल्या नाहीत तर एकाच शहराची दोन शहरं होतात आणि प्रवासी दोघांत वाटले जातात. त्यात माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन वेगळी ठिकाणं. नुसतं ‘नगर’ लिहिलं तर त्यातलं कुठलं? नकाशावर दोन ठिपके एकमेकांवर बसलेले दिसले की समजायचं, इथं नाव दोन आणि गाव एक.

चौथी चूक जरा आतली. समजा सकाळी एका थांब्यावरून शंभर माणसं नगरला गेली आणि दिवसभरात परत आली वीसच. बाकीची ऐंशी तिथंच राहिली का? राहिली नाहीत. ती जीपनं आली असतील, किंवा पुढच्या फाट्यावर उतरली असतील. दुभाजकाच्या रस्त्यावर पुण्याच्या बाजूचा थांबा वेगळा आणि नगरच्या बाजूचा वेगळा. यादीत दोघांचा एकच ठिपका असेल तर हे कधीच कळणार नाही. तसंच शाळेजवळचा किंवा कारखान्याजवळचा थांबा शून्य प्रवासी दाखवत असेल, तर ‘इथं कुणी येत नाही’ असं लगेच म्हणू नका. आधी ‘इथली नोंद होते का?’ ते विचारा.

पण नकाशालाही देव मानू नका. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं, ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. एक भाग मात्र सांगायचा राहून जातो. त्या पंपाजवळच्या दारूच्या भट्टीतले कामगार जवळपास सगळे वाचले होते. नकाशावर हे कोडं होतं. स्नो तिथं जाऊन विचारते झाले, तेव्हा कळलं की कामगारांना तिथंच बिअर मिळायची, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. शंका कुठं घ्यायची ते नकाशा सांगतो. उत्तर जागेवर जाऊनच मिळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ‘आमच्या गावाला गाडी द्या’ अशी निवेदनं आपण वर्षानुवर्षं देतोय, फोटो काढतोय. पुढच्या निवेदनाला एक कागद जोडू. आठवडाभर, बाजाराचा दिवस धरून, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ स्टँडवर आणि फाट्यांवर उभं राहायचं. कोण कुठं चढलं, कुठं उतरलं, किती पासवाले, किती जण गाडी न थांबल्यानं जीपनं गेले, एवढंच लिहायचं. नावं नकोत, फोन नंबर नकोत, नुसत्या रेघोट्या. मग ते नकाशावर मांडायचं आणि पारनेर आगारात तिकिटांच्या आकड्यांशेजारी ठेवायचं. दोन्हींत जिथं फरक दिसेल तिथंच चर्चा. आगारातल्या लोकांनाही ते सोपं जाईल, कारण भांडण माणसाशी राहणार नाही, आकड्याशी राहील.

कॉलेजची चार पोरं आणि वह्या मिळाल्या तर काम होईल. नकाशाचं मी बघतो. ज्यांना यायचंय त्यांनी खाली आपल्या थांब्याचं किंवा फाट्याचं नाव लिहा. आणि गावाचं नाव लिहाल तर तालुकाही लिहा, म्हणजे बारामतीचे पाहुणे आपल्यात मोजले जाणार नाहीत.