पहिला श्वास आणि ५१ वर्षं

छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ साली सुरू झालं. त्या काळी सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ धापा टाकू लागलं, की इथेच काय, जगात कुठेही डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं.

ओली प्लास्टिकची पिशवी उघडून बघा. बाजू एकमेकींना चिकटून बसतात. फुप्फुसातले वायुकोशही आतून ओले असतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो. कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्ये डुकराचं फुप्फुस हवेऐवजी द्रवाने भरलं. ते कितीतरी कमी दाबात फुगलं. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्यांनी लिहिलं. कित्येक वर्षं कुणी लक्ष दिलं नाही.

१९५९ मध्ये बोस्टनला मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं, की पृष्ठताण कमी करणारा साबणासारखा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, या बाळांत कमी पडतो. कारण कळलं, पण औषध नव्हतं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने ३९ तासांत गेला.

अखेर १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत सोडलं. त्यांचा श्वास सुधारला.

आज हे औषध छोट्या कुपीत मिळतं. ते जन्मानंतर जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. म्हणूनच खेड्यात वेळेआधी कळा सुरू झाल्या, तर बाळ जन्मण्याआधीच आईला मोठ्या दवाखान्यात पोचवणं महत्त्वाचं.