‘हायपोस्टॅसिस’चा वाद आणि इ. स. ३६२ ची आलेक्सांद्रिया परिषद

ख्रिस्ती मतेतिहासातील कलहांची मांडणी सन्मत विरुद्ध पाखंड अशी करण्याचा प्रघात आहे. चौथ्या शतकातील एक कलह मात्र या चौकटीत बसत नाही. त्यातील उभय पक्षांची श्रद्धा एकच होती; भेद होता तो एका शब्दाच्या अर्थाचा.

इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेने मतांगीकारास जोडलेल्या निषेधवचनात ‘ऊसिया’ (सत्त्व) व ‘हायपोस्टॅसिस’ हे ग्रीक शब्द समानार्थी योजले होते. त्यास अनुसरणारे लोक देवाच्या ठायी एकच हायपोस्टॅसिस मानीत. उलट पूर्वेकडील पुष्कळजण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे पृथक्त्व दर्शविण्यासाठी तीन हायपोस्टॅसिस म्हणत. पहिल्यांना दुसरे आरियसपंथी, म्हणजे पुत्रास पित्याहून परका लेखणारे, वाटले. तर दुसऱ्यांना पहिले साबेल्लियसचे अनुयायी, म्हणजे तिघांना एकाचीच नुसती नावे समजणारे, वाटले. अंत्युखियात या संशयास बिशपांच्या नेमणुकांची जुनी कटुताही येऊन मिळाली होती.

ज्यूलियन सम्राटाने हद्दपार बिशपांना परतण्याची मुभा दिली, ती ख्रिस्ती लोक आपसांत भांडावेत म्हणून, असे अम्मियानस मार्सेलिनस सुचवितो. परतलेल्या अथनेशियसने ३६२ मध्ये आलेक्सांद्रियात एक लहानशी परिषद भरविली. तिने अंत्युखियास पाठविलेले पत्र मुळातून वाचण्याजोगे आहे. ‘तीन’ म्हणणाऱ्यांस विचारण्यात आले: तुम्ही परस्परांपासून तुटलेली, भिन्न सत्त्वाची तीन अस्तित्वे मानता काय? ते म्हणाले, नाही. त्रैक्य केवळ नावापुरते नसून सत्य आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. मग ‘एक’ म्हणणाऱ्यांस विचारले: तुम्ही पुत्राचे व आत्म्याचे अस्तित्व पुसून टाकता काय? त्यांनीही नकार दिला. हायपोस्टॅसिस म्हणजे सत्त्व असे समजून आम्ही बोलतो, असे ते उत्तरले. दोघांनी एकमेकांचे म्हणणे मान्य केले. अथनेशियसची स्वतःची परिभाषा पहिल्या पक्षाची होती व पुढेही त्याने ती सोडली नाही. तरीही त्याने दुसऱ्यास त्याच्या शब्दांचा अर्थ सांगू दिला. आमच्या मते परिषदेचे खरे कर्तृत्व येथे आहे.

तिची मर्यादाही याच पत्रात दिसते. अंत्युखियातील मेलेशियसच्या अनुयायांनी पौलिनसच्या मंडळीत सामील व्हावे अशी त्यात अपेक्षा होती. स्वतः मेलेशियसला कोणी विचारलेच नव्हते. पत्र पोहोचण्यापूर्वीच लुसिफर नामक सार्डिनियाच्या बिशपाने पौलिनसला बिशपपदाची दीक्षा देऊन टाकली होती. शब्दाचा उलगडा झाला, आसनाचा झाला नाही. इ. स. ३७६ च्या सुमारास सीरियाच्या वाळवंटात राहणारा जेरोम रोमच्या दामाससला पत्राने विचारीत होता की, तीन हायपोस्टॅसिस म्हणावे की नाही, आणि अंत्युखियात कोणाशी सहभागिता ठेवावी. तेथील फूट पूर्णपणे मिटावयास इ. स. ४१५ चा सुमार उजाडला.